कोवळी पानं, वीस ग्रॅम

‘हे ते नाहीच,’ रोपवाटिकेचा मालक म्हणाला, आणि तोंडातलं अर्धवट चघळलेलं पान त्याने शेजारच्या रिकाम्या कुंडीत थुंकलं. मी त्या कुंडीकडे बघत राहिलो. माझ्या हातात प्लास्टिकची छोटी पिशवी होती. तिच्यावर तारीख, वेळ आणि ‘नमुना – बाल्कनी, उजवी बाजू’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पिशवीत अजून तीन पानं होती. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. नमुना म्हटलं की पिशवी आणि पिशवी म्हटलं की चिठ्ठी, हे हाताला तीस वर्षांत लागलेलं वळण. मालकानेही मला त्याच नात्याने ओळखलं होतं. मी दारात दिसताच त्याने खताच्या गोण्यांवरचं पोतं ओढून कोपऱ्यातल्या काट्यावर टाकलं. मी काट्यासाठी आलेलो नाही, घरच्या झाडाच्या पानांवर पिवळे ठिपके पडलेत म्हणून आलोय, हे पटायला त्याला पाचेक मिनिटं लागली. पटल्यावर मात्र तो इतका खुलला की पान नुसतं न बघता त्याने सरळ तोंडात टाकलं. तुम्ही म्हणता ते झाड दिसायला असंच असतं, तो सांगू लागला, जमिनीसरशी पसरणारं, दातेरी पानांचं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं. पण त्याचं कोवळं पान चुरडलं की काकडीचा वास येतो. हे रान. त्याच्याच मातीत उगवतं आणि ते गेलं की त्याच्या जागेवर बसतं. मी विचारलं, विषारी आहे का.

‘छे हो. खाऊन मरत नाही कोणी,’ तो म्हणाला. ‘पण हौसेनं खाणाराही अजून बघितला नाही मी.’

खाणारी माझी बहीण होती. रोज सकाळी, न्याहारीबरोबर, वीस ग्रॅम. हौसेने की कसं, ते मला त्या क्षणापर्यंत माहीत होतं.

मूळ झाड कसं मेलं असेल, असं मी विचारलं, म्हणजे एखाद्या तिऱ्हाइताच्या झाडाबद्दल विचारावं तसं विचारलं. मालकाने माझ्याकडे एकदा बघितलं. कोवळी पानं रोज काढत होतात का? हो. सगळी? हो, कोवळी तेवढी सगळी. जून पानं कडू असतात म्हणून ठेवत होतो. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. घरात नुसते म्हातारे ठेवले आणि पोरं जन्मतील तशी उचलून नेली तर घर किती दिवस चालेल, एवढंच म्हणाला. म्हातारी पानं आपल्या मरणाने गेली, मागे कोणी उरलं नाही, मूळ उपाशी मेलं. मग तो आत गेला आणि एक चहाच्या कपाएवढी कुंडी घेऊन आला. तिच्यात अकरा पानं होती. हे खरं, तो म्हणाला. लावा, पाणी बेताने घाला, फुलाचा दांडा आला की खुडा, आणि पहिलं वर्षभर पानाला हात लावायचा नाही. मुळाला जीव धरू द्यायचा. वर्षभर, मी म्हणालो. बारा महिने, तो म्हणाला, जणू वर्षाच्या मापाबद्दल माझ्या मनात शंका होती.

बसमध्ये ती कुंडी मांडीवर धरून बसलो तेव्हा पहिल्यांदा आकडा मांडला. ताईला वाकता येईनासं झालं त्याला अकरा महिने झाले, आणि तेव्हापासून कुंडीची जबाबदारी माझ्याकडे आली. लांबट, खोकेवजा कुंडी ती. ताई माझ्याकडे राहायला आली तेव्हा दोन बॅगांबरोबर हीही घेऊन आली. टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या अंगणात तिने पूर्वी कधीतरी हे झाड लावलं होतं, निवृत्त होताना त्याचा एक तुकडा मुळासकट उपटून आणला. सत्काराची शाल तिथेच विसरली. झाडाचं ती काही नाव वगैरे घेत नसे, नुसतं पाला म्हणायची. मला सोपवताना तिने खुर्चीतूनच तीन गोष्टी सांगितल्या होत्या: कोवळीच खुडायची, एक दिवसाआड खुडायची, आणि कोवळ्यातलाही तिसरा हिस्सा झाडावर ठेवायचा. तिन्ही मला ऐकू आल्या होत्या. पण त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले की त्या जे खातील ते खाऊ द्या, जेवढं खातील तेवढं द्या. आणि ताई तेव्हा दोन घास बटाटा आणि अर्धी वाटी सूप यापलीकडे फक्त पालाच खात होती. मी एक दिवसाआडचं रोज केलं. तिसरा हिस्सा ठेवण्याचा नियम मला अघळपघळ वाटला, त्याला माप नव्हतं. मी वीस ग्रॅम ठरवले. स्वयंपाकघरात माझा स्वतःचा काटा आहे, दरवर्षी मी तो ऑफिसात नेऊन तपासतो. कोवळं म्हणजे काय तेही ठरवलं: बोटाच्या पहिल्या पेरापेक्षा लहान, पंख्यासारखं मिटलेलं. रोज सकाळी अर्धा तास उकिडवा बसून मी तो पंखा न पंखा शोधून काढत असे. एक पानही निसटत नसे माझ्या हातून. कामात मी कधीच हयगय करत नाही, हे माझ्या गोपनीय अहवालात सलग एकोणतीस वर्षं लिहून आलेलं आहे.

हिवाळा सरता सरता कुंडी रिकामी झाली होती. नऊ दिवस. मी ताईला सांगितलं की झाडाला विश्रांती देतोय, आणि ती म्हणाली बरोबर आहे. दहाव्या दिवशी मातीत हिरवे ठिपके दिसले, दोन आठवड्यांत कुंडी पूर्वीपेक्षा दाट भरली. मला काय आनंद झाला होता. ऑफिसात मी सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला बळेच मोबाइलवर फोटो दाखवला, तो म्हणाला वा, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. पानाला वास नव्हता, पण मला असाही कसला वास येत नाही. माझ्या नाकाचं हाड जन्मापासून वाकडं आहे. आणि मी कधी चाखून बघितलं नव्हतं. अकरा महिन्यांत एक पान तोंडात टाकलं नव्हतं. ते तिचं होतं. शिवाय प्रमाणित वजनाला आम्ही हातसुद्धा लावत नाही. मखमलीच्या पेटीत ती पितळी वजनं असतात आणि चिमट्याने उचलायची असतात, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. मी पानंही चिमट्यानेच खुडत असे, हे आत्ता सांगायला काही हरकत नाही.

तर साडेपाच महिने ती हे रान खात होती. बसमध्ये मी पिशवी उघडली, नमुन्यातलं एक पान काढलं आणि खाल्लं. शेजारची बाई किंचित सरकून बसली. आधी काहीच लागलं नाही, नुसतं गवत. मग जिभेच्या मुळाशी काहीतरी सुरू झालं, गंजक्या खिळ्यासारखं, आणि ते वाढतच गेलं. घशात उतरलं, कानशिलापर्यंत चढलं, डोळ्यांत पाणी आलं. दोन स्टॉप गेले तरी ते तोंडातून जाईना. एका पानाने. वीस ग्रॅमला साधारण साठ पानं लागतात. पहिल्या दिवशी तिने पहिलं पान तोंडात घातलं तेव्हा काय झालं होतं ते मी आठवायला लागलो. ती थांबली होती का? मला वाटलं, थांबली होती. बाल्कनीकडे बघितलं होतं, दोनेक सेकंद, आणि मग मी विचारलं होतं, छान? आणि ती म्हणाली होती, छान. पण ते दोन सेकंद खरंच होते की मी बसमध्ये बसून आत्ता बनवत होतो, हे कुठल्या काट्यावर घालून बघणार?

ताईच्या आवाजावरून काही ओळखता येत नाही, हीच खरी अडचण. चौतीस वर्षं ती ऑपरेटर होती, शेवटी सुपरवायझर. सगळं आयुष्य तिने थांबा, जोडून देते या एका वाक्यात काढलं. पलीकडे कोणी मेलेलं असो, कोणाला मुलगा झालेला असो, कोणी नुसतंच रडत असो, आवाज तोच. नव्या मुलींना ती शिकवायची की तुमचा आवाज हलला की त्या माणसाला बातमी आधीच कळते, आणि बातमी देणं आपलं काम नाही. वडील गेल्याचं तिने मला त्याच आवाजात कळवलं होतं. मी फोन ठेवून दोन मिनिटं डबा खात बसलो आणि मग मला कळलं की ती काय म्हणाली. त्याच वडिलांचा घरात एक नियम होता: अन्नाला नावं ठेवायची नाहीत. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई अठराची, म्हणजे जेवण तिच्या हातचं, आणि तिला धड काही येत नव्हतं. मी आणि वडील निमूट खायचो. छान झालंय, वडील म्हणायचे, आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढायचे. मी नऊ वर्षांचा असताना ताई तापाने पडली, तेव्हा मी बटाटे केले. बाहेरून कोळसा, आतून कच्चे. तिने उठून बसून सगळे खाल्ले आणि म्हणाली, छान झालेत. मला इतकं बरं वाटलं की पुढची वीस वर्षं मी बटाटे तसेच करत आलो. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायकोने एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, हे काय आहे. आमचं पुढे जे झालं त्याची सुरुवात कुठे झाली असं वकिलाने विचारलं होतं. मला बटाटे आठवले, पण सांगण्यासारखं कारण नव्हतं ते. बायको खरं बोलायची. तिच्याबरोबर मी अकरा वर्षं राहिलो.

पण बसमध्ये मी जो हिशोब करत होतो तो बटाट्यांचा नव्हे. दर महिन्याला डॉक्टर मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारत होते. त्यांना चव लागते ना? हे औषध काहींच्या नसा बधिर करतं, आधी जीभ जाते, ते म्हणाले होते. जीभ गेली की औषध थांबवायचं, नाहीतर पुढचं काय काय जाईल सांगता येत नाही. मग दुसरं औषध. दुसऱ्यानंतर तिसरं आहे का, असं मी विचारलं तेव्हा ते पेनचं टोपण लावू लागले. पहिल्यावर वर्ष निघेल असंही मी म्हणणार नाही, ते म्हणाले, दुसऱ्यावर तर महिनेच. ताईला विचारून उपयोग नाही, त्या सगळंच छान म्हणतात, तुम्हीच लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं. दर महिन्याला मी शिक्का मारल्यासारखं सांगत आलो: चव शाबूत आहे, रोज वीस ग्रॅम पाला खाते, आवडीने. ते लिहून घ्यायचे. माझ्या शब्दावर औषध चालू राहिलं होतं.

म्हणजे आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर तिची जीभ गेलेली होती, साडेपाच महिने झाले, आणि मी डॉक्टरांना खोटा दाखला देत होतो. किंवा जीभ होती, आणि ते गंजके खिळे रोज साठ गिळून तिने माझ्याकडे बघून छान म्हटलं होतं. बहीण खोटं बोलत असावी, रोजच्या रोज आणि ठरवून, अशी आशा धरून मी बसमध्ये बसलो होतो. ही आशाही निर्मळ नव्हती. कारण ती खरी ठरली तर मग मी कोण, याचाही विचार करावा लागणार होता, आणि माझा स्टॉप जवळ आला होता.

घरी आलो तेव्हा ताई खिडकीशी तिच्या खुर्चीत होती, पायांवर शाल. उशीर केलास, म्हणाली. सकाळी पाला दिला नव्हता, ठिपके बघून पुढे ढकलला होता. मी म्हटलं आत्ता देतो. लहान कुंडी मी पाठीमागे धरून स्वयंपाकघरात नेली, चोरी केल्यासारखी. काटा तपासायचा म्हणजे त्यावर माहीत असलेलं वजन ठेवायचं आणि काय दाखवतो ते बघायचं. मला एवढं एकच काम नीट येतं. बाल्कनीतली पानं खुडून मी बशीत पसरली, मग चिमटा घेतला आणि खऱ्या झाडाच्या अकरा पानांतली चार खुडली. हात लावायचा नाही असं तो म्हणाला होता. पण मापाला इलाज नव्हता. बशीच्या डाव्या कडेला मी ती चार ठेवली. एकसारखीच दिसत होती. एका देठाचं टोक चुरडून नाकाशी धरलेलं बोट मी बराच वेळ तसंच धरून ठेवलं, आणि कुठेतरी फार लांब, हाडाच्या पलीकडे, काकडीसारखं काहीतरी असावं असं वाटलं.

ती नेहमीसारखी खाऊ लागली. एक एक पान, टोकाकडून आत. आधी उजवीकडची. मी समोर स्टुलावर बसलो. छान? मी विचारलं. छान, ती म्हणाली. मग मधली. मग हात डावीकडे गेला. पहिलं पान तोंडात गेलं तेव्हा मी लिफ्टमध्ये लोक आकड्यांकडे बघतात तसा तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहरा हलला नाही. दुसरं. तिसरं. चौथं. छान? मी विचारलं, आणि माझा आवाज मला नऊ वर्षांचा ऐकू आला. छान, ती म्हणाली. त्याच उंचीवर, तेवढ्याच लांबीचा शब्द. त्यात केसाइतकाही फरक नव्हता. काट्यावर वजन ठेवलं आणि काटा हललाच नाही. बंद पडलेल्या काट्याला आम्ही लाल चिठ्ठी लावतो. मी उठलो, बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. बाहेर कोणीतरी सतरंजी झटकत होतं, तो धपधप आवाज चालू होता. कसं सांगायचं याचा विचार न करता मी सांगून टाकलं की उद्या डॉक्टरांकडे जायला लागेल.

‘कशाला?’

‘तुला चव लागत नाहीये, ताई.’

तिने शाल गुडघ्यांवर नीट केली. ‘डावीकडची चार वेगळी होती,’ ती म्हणाली.

मी स्टुलावर बसलो. मला किती सुटल्यासारखं झालं ते लिहिण्यात अर्थ नाही, कारण ते पुरतं सुटायच्या आतच त्याच्या मागून दुसरं आलं. मी विचारलं, मग बाकीची? कडू, ती म्हणाली. कधीपासून? हिवाळ्यात तू विश्रांती दिलीस ना, त्यानंतरची. म्हणजे किती महिने, मी म्हणालो. साडेपाच, ती म्हणाली; आकड्यांच्या बाबतीत आमच्या घरात कोणी ढिसाळ नाही. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं, आणि ते बहुधा मोठ्याने विचारलं, कारण सतरंजीचा आवाज थांबला.

‘तू विचारतोस कुठे? छान का, एवढंच तर विचारतोस. कशी आहेत असं एकदा तरी विचारलंस?’

ती रागावलेली नव्हती. थांबा, जोडून देते म्हणायचा तोच आवाज. मी आठवून बघितलं. अकरा महिने मी रोज एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्याच्यातच घालून. बायकोही असं काहीतरी म्हणाली होती, वकिलाच्या जिन्यात, पण तेव्हा मी पायऱ्यांकडे बघत होतो. मी म्हणालो की तू पाणी मागितलं असतंस तरी मला कळलं असतं. ती म्हणाली, तू रोज सकाळी तिथे बाहेर अर्धा तास बसायचास, चिमटा घेऊन, पाठ दुखायची तुझी, मला दिसायचं. एवढं करून आणलेल्याला कोण नावं ठेवणार. आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाली की पहिले दोन महिने फार कडू लागायची, नंतर तेवढी नाही. नंतर म्हणजे जीभ सरावली की जीभ चालली, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आज चार पानं ओळखलीस ना, एवढं मी म्हटलं. तीन, ती म्हणाली. पहिल्याला नाही समजलं.

मी आत जाऊन ती लहान कुंडी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिने सात पानं बोटाच्या टोकाने एकेक करून बघितली, खुडल्याच्या चार जागाही.  रोपवाटिकेवाला काय म्हणाला, विचारलं. सगळं सांगायचा माझा विचार नव्हता, पण मी सांगितलं: पाणी बेताने, फुलाचा दांडा खुडायचा, आणि वर्षभर पानाला हात लावायचा नाही. वर्षभर, ती म्हणाली, आणि किंचित हसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलतात ते तिला ठाऊक आहे, हे मला तेव्हा कळलं. लोकांची बोलणी ऐकून न ऐकल्यासारखं करणं हाच जिचा धंदा, तिला बंद दारापलीकडचं ऐकू येणार नाही असं डॉक्टरला वाटणं ठीक आहे, मला वाटायला नको होतं.

‘मग ही चार कशाला तोडलीस?’ ती म्हणाली.

माझ्याकडे उत्तर होतं, तपासणीचं, प्रमाणित वजनाचं. त्याऐवजी मी विचारलं, कुठे लावू हे. ती म्हणाली, लाव मोठ्या कुंडीत, उजवीकडे ऊन कमी येतं, डावीकडे लाव. रान काढून टाकू का सगळं, मी विचारलं. सगळं नको, ती म्हणाली. तिसरा हिस्सा ठेव.

संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला आणि चारपैकी तीन असं सांगितलं.  ते म्हणाले की पुढच्या आठवड्यात घेऊन या, बघू. पेनच्या टोपणाचा आवाज मला फोनवरूनही ऐकू आला.

आज सकाळी मी बाल्कनीत गेलो. डावीकडे ती सात पानं मातीत उभी होती, अजून आपली वाटत नव्हती. उजवीकडे रान, ठिपक्यांसकट, जोमात. मी खुडायला बसलो. चिमटा आत राहिला होता, बोटांनीच खुडली. वजनही केलं नाही. एक बशी तिच्यासाठी भरली आणि एक माझ्यासाठी. स्टूल तिच्या खुर्चीशेजारी ओढून घेतलं, समोर नाही, आणि आम्ही दोघं खाऊ लागलो. दुसऱ्या पानाला ते जिभेच्या मुळाशी सुरू झालं, पाचव्याला कानापर्यंत गेलं. मी गिळत राहिलो. ती तिची एक एक, टोकाकडून आत, मध्येच माझ्याकडे बघत होती.

‘छान?’ तिने विचारलं.

‘छान,’ मी म्हणालो.

तिने तोंडातलं पान संपवलं.

‘आवाज हलतो तुझा,’ ती म्हणाली. ‘होईल सवय.’